चौथ्या मिनिटापुढचं

बेडशाच्या वरच्या वाडीतली रूपा अकरावीला इलेक्ट्रॉनिक्सचा व्होकेशनल कोर्स करत होती. केबल जोडायच्या धड्याचा व्हिडिओ घरी लावला, की चौथ्या मिनिटाला मोबाइलवर ते चाक फिरायला लागायचं आणि फिरतच राहायचं. तिचा बाप नवशा त्या चाकावर जाम खार खाऊन होता. खालच्या गावात इंटरनेटची केबल गेली, तिचा चर त्यानंच खणला होता. वाडीला मात्र कंपनीनं लाइन दिली नाही. घरं थोडी म्हणे!

एके दिवशी रस्त्याच्या कामात जेसीबीनं केबल तोडली. गावाचं नेट बंद पडलं आणि तुटलेलं एक टोक मातीत गडप झालं. कंपनीचा माणूस सकाळपासून उकरत होता. नवशानं मात्र चर खणतानाच, शेताच्या हद्दीला लावतात तसा चराच्या प्रत्येक वळणावर एक धोंडा उभा पुरला होता.

"जागा दावतो," तो म्हणाला, "पर जोडताना माजी पोरगी शेजारी बसंल."

माणूस भला निघाला. केसाएवढ्या बारीक तारा कशा सोलायच्या, मशीनमध्ये कशा धरायच्या, ते त्यानं दाखवलं आणि शेवटचा जोड रूपाकडून करून घेतला. चौथ्या मिनिटापुढं काय असतं, ते तिला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी गावात घरोघरी नेट सुरू झालं. वर वाडीत रूपानं मोबाइलच्या त्याच तुटपुंज्या रेंजवर हौसेनं पुढचा धडा लावला.

या खेपेला चाक दुसऱ्याच मिनिटाला फिरायला लागलं.