सुपडूचे सूप

मित्रांनो, सावद्यातल्या निंबा पाटलांच्या घरी, ओट्यावरच्या खुंटीला टांगलेले जे काळपट, कडेला चिंधीने शिवलेले सूप दिसते ना, ते मी. वयाने म्हातारे आहे, पण माझ्यातून अजून एक दाणा गळत नाही. एवढी बढाई मला मारू द्या, कारण पुढची सगळी गोष्ट माझी असली तरी मोठेपणा दुसऱ्यांचा आहे.

मला जीवराम बुरुडाने घडवले. त्याने बांबूच्या कामट्या इतक्या पातळ काढल्या की बोटाला वाकतील पण मोडणार नाहीत. वेताने कड बांधली आणि मला उन्हात धरून आरपार पाहिले. एकही छिद्र दिसले नाही तेव्हा तो स्वतःशीच म्हणाला, "आता जाय, कोन्या चांगल्या घरी पड." त्याच आठवड्याच्या बाजारात निंबांच्या बायकोने, ताईबाईने, मला उचलले. घरी नेल्यावर तिने भिजवलेल्या मेथीत कागदाचा लगदा कालवून मला आतून लिंपले. दरवर्षी ती हे करी, म्हणून तर मी टिकले.

माझे काम तुम्हाला ठाऊकच आहे. ज्वारी, तूर, उडीद जे येईल ते पाखडायचे. सार ठेवायचे आणि फोल उडवून द्यायचे. दिवाळीच्या पहाटे ताईबाई मला काठीने बडवत घरभर फिरे आणि अवदसेला बाहेर हाकलून देई. अवदसा जाई की नाही देव जाणे, माझी पाठ मात्र दोन दिवस दुखत राही. बाकी कुरकूर करावी असे त्या घरात काही नव्हते.

पण ताईबाईच्या घरात एक जागा रिकामी होती. तिला तीन मुलगे झाले होते. तिघांचीही नावे तिने देवादिकांची, गोड गोड ठेवली होती, आणि तिघांतल्या एकालाही वर्ष पाहता आले नाही. चौथ्या खेपेला पुन्हा मुलगा झाला, तेव्हा ती बाळाकडे डोळे भरून पाहीनासुद्धा. बाराव्या दिवशी तिने मला धुऊन पुसले, माझ्यात जुनेर अंथरले, त्यावर बाळाला ठेवले आणि मला दाराबाहेर ओट्याखाली नेऊन ठेवले. 'जात्यातले रडतात, सुपातले हसतात' अशी म्हण आहे. हा सुपातला मात्र गळा काढून रडत होता.

ठरल्याप्रमाणे शेजारची जरीना मणियारीण बांगड्यांची पेटी घेऊन आली आणि काही माहीत नसल्यासारखी थांबली.

"या अल्ला, सुपात पोऱ्या! कोनाचा हाये रे तू?"

आतून ताईबाई म्हणाली, "माह्या नही, व माय. तुले सापडला, तुह्याच हाये तो."

जरीनाने त्याला उचलून पदराखाली घेतले, दोन घरे फिरवून आणले आणि सूपभर ज्वारी घेऊन ताईबाईच्या ओटीत परत दिले. सुपात सापडला म्हणून नाव ठेवले सुपडू. असे नाव का, म्हणून विचाराल. आमच्या भागातल्या बायांची समजूत अशी की, मरणाला सुंदर नावे लवकर ऐकू येतात. सुपडू, धोंडू, उखर्डू असल्या नावांकडे ते ढुंकून पाहत नाही. कोणाचे तरी टाकलेले पोर समजून पुढे जाते. ते खरे की खोटे, मी सांगणार नाही. मी धान्य निवडणारे सूप, मला एवढे गहन कुठले कळायला? सुपडू जगला, एवढे मी पाहिले आहे.

त्यानंतर ताईबाईने मला दळणाच्या कामातून बरेचसे मोकळे केले आणि मानाने खुंटीला टांगले. देश स्वतंत्र झाला त्या सकाळी शाळेत पेढे वाटले. तेव्हा मास्तरांनी "सुपडू" म्हणून हाक मारताच चार पोरे हात पुढे करून उभी राहिली होती. इतके ते नाव चालत होते. मास्तर त्यांना मोठा सुपडू, काळा सुपडू, मळ्यातला सुपडू आणि आमचा तो मणियारणीचा सुपडू असे ओळखत. ही गोष्ट त्याने घरी सांगितली तेव्हा मी खुंटीवर जरा ताठच झाले. गावात आपल्या नावाची चार पोरे असणे ही काय लहान गोष्ट आहे?

वर्षे भराभर गेली. सुपडू केळीच्या बागेत बापाच्या बरोबरीने राबू लागला. अठ्ठावन्न साली त्याला धुळ्याचे स्थळ आले. मुलीचे नाव कुंदा, सातवी पास. तिचे वडील रतिलालभाऊ कापडाच्या दुकानात दिवाणजी होते. माणूस सरळ, पण धुळ्यात आपले नाव राखून असलेला. मुलगा त्यांना पसंत पडला, घर पसंत पडले, केळीचे घड तर फारच पसंत पडले. एका गोष्टीवर मात्र ते अडले. ओट्यावर बसून, टोपी गुडघ्यावर ठेवून ते सुपडूला हळूच म्हणाले, "पत्रिकेत सुपडू कसं छापू? हाई नाव वाचीसन बठ्ठा लोक हासतीन."

सुपडू मान हलवून 'बरं' म्हणाला. त्याला मुलगी मनापासून आवडली होती, आणि आईला हे सांगायचा धीर त्याला झाला नाही. तिथेच तो चुकला.

पत्रिका धुळ्याहून छापून आल्या. ताईबाईला आणि निंबांना अक्षर येत नव्हते. तिने प्रत्येक पत्रिकेला स्वतःच्या हाताने हळदकुंकू लावले, नवे लुगडे नेसली आणि साठ घरी स्वतः जाऊन अक्षत दिली. घेणाऱ्यांनी पत्रिका न वाचताच देवापुढे ठेवली. शेवटची पत्रिका तिने मानाने जरीनाच्या घरी नेली. जरीनाचा नवरा कादर चार यत्ता शिकलेला. त्याने ती मोठ्याने वाचली आणि मध्येच थांबला.

"ताई, हे कोन्या सुरेंद्रकुमारचं लगन हाये? आपल्या सुपडूचं नाव त कुठीच नही."

ताईबाई घरी आली ती भिंतीला टेकून बसली. जसल्या नावाला ती वीस वर्षे टाळत आली, तसले सुंदर नाव तिने स्वतःच साठ उंबऱ्यांवर सांगून ठेवले होते. सुपडू बागेतून आल्यावर तिने एवढेच विचारले, "काहून रे?"

"माय, लोक हासतात व."

"हासू दे लोकायले. म्या तीनदा रडून घेतलं. त्यापरीस हे हासनं बरं."

"पत्रिका त वाटून झाल्या. आता लगीन मोडू का मी?"

त्या दिवसापासून सुपडूने नुसते खोकले तरी तिच्या हातातले काम गळून पडे. आणि नेमका हळदीच्या दिवशी त्याला थंडी वाजून ताप भरला. निंबा दवाखान्यातून कोयनेलच्या गोळ्या घेऊन आले. ताईबाईला वाटले, ऐकले. मरणाने ते नाव ऐकले. मी तिच्या डोक्यावरच्या खुंटीला होते, तिचे पुटपुटणे मला स्वच्छ ऐकू येत होते. मला इतके वाईट आयुष्यात कधी वाटले नव्हते.

लग्न आमच्याकडेच होते. धुळ्याची मंडळी चाळीसगाव आणि भुसावळला गाडी बदलून आदल्या दिवशी आली आणि शेजारच्या आळीत जानोसघरी उतरली. नवरीला चुडा भरायचा मान जरीनाचा. तिने माझ्यात ओटीचे तांदूळ आणि हिरव्या बांगड्या मांडल्या आणि मला कडेवर घेऊन ती जानोसघरी गेली. कुंदाचा हात हातात घेऊन एकेक बांगडी चढवता चढवता तिने सगळी गोष्ट सांगितली. ते तीन मुलगे, ते सूप, ती ज्वारी आणि आजचा ताप. कोणाला दोष दिला नाही, काही मागितलेही नाही. कुंदा खाली मान घालून ऐकत होती.

"ते सूप अजून आहे का घरात, चाची?" तिने विचारले.

"हेच त हाये. तुझ्या बांगड्या कशात आनल्या मी?"

कुंदाने भरला हात माझ्या कडेवर ठेवला.

सकाळपर्यंत सुपडूचा ताप उतरला. तो कोयनेलने उतरला हे मला ठाऊक आहे. लग्न लागले. भटजींनी सुरेंद्रकुमार म्हणून संकल्प सोडला तेव्हा ताईबाईने डोळे मिटून घेतले. मग वरात दाराशी आली. उंबऱ्यावर माप ठेवलेले, बाया दार अडवून उभ्या. नाव घेतल्याशिवाय कोण आत सोडते? रतिलालभाऊंनी मुलीला नव्या नावाचा उखाणा घरीच पाठ करून दिला होता. ते कौतुकाने पुढे सरकले. कुंदाने एकदा सासूकडे पाहिले, मग बायांच्या घोळक्यात मागे उभ्या असलेल्या जरीनाकडे पाहिले, आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"चाळणीला भोकं शंभर, सुपाला नाही एक,
सुपडूरावांचं नाव घेते, दोन मायांचा लेक!"

जरीनाने तोंडाला पदर लावला आणि ताईबाई रडत रडत हसू लागली. रतिलालभाऊ टोपी हातात घेऊन उभे होते. ते शेजारच्याला म्हणाले, "पोर मनी सातवी शिकेल शे. मालेच काही उमजनं नही." आणि तेही हसले. आनंदाने काळीज सुपाएवढे झाले असे तुम्ही माणसे म्हणता. माझे कशाएवढे झाले असेल, ते तुम्हीच ठरवा.

त्या दिवसापासून गावात कोणी सुरेंद्रकुमार म्हणाले नाही. उरलेल्या पत्रिका कुंदाने डब्यांच्या तळाशी घातल्या.

साठ साली कुंदाला मुलगा झाला. बाळंतपण दवाखान्यात झाले, नर्सबाईंनी बाळाला लस टोचली, वजन केले. बाराव्या दिवशी बाया जमल्या. ताईबाईने मला खुंटीवरून काढले तेव्हा सगळ्या सरसावून बसल्या. मलाही वाटले, आता जुनेर येईल. ती माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग पाळण्यातल्या बाळाकडे वळून पाहिले. बाळ मुठी चोखत निवांत पडले होते. ताईबाईने माझ्यात चार पसे ज्वारी ओतली आणि पाखडायला बसली. म्हणाली, "बाळंतिनीले भाकर लागीन. नाव कुंदाले ठेवू द्या, तिले आवडीन ते."

आता शाळेच्या हजेरीत सुपडू नाही. अशोक आहेत, प्रकाश आहेत. सुरुवातीला मी जरा हिरमुसले, खोटे कशाला बोलू? पण मग कळले की माझ्या नावाची पोरे कमी होतात, कारण आयांचे भय कमी होते आहे. असे विसरले जाणे कोणाला आवडणार नाही? मी पुन्हा रोज ज्वारी पाखडते आणि सुखात आहे.

तेव्हा मित्रांनो, सुपाला पाय लावू नका, पावसात टाकू नका, वर्षातून एकदा मेथीचा हात फिरवा. आणि तुमच्या वर्गात कधी एखादा सुपडू, धोंडू, उखर्डू आला तर त्याच्या नावाला हसू नका. त्याला मोठ्याने हाक मारा. हाकेला ओ देणारे कोणीतरी घरात उरावे, एवढ्यासाठीच ते नाव ठेवलेले असते.