बोला, म्हणजे फोटो काढते

"गप्प नका उभ्या राहू, मेट्रनबाई. बोला काहीतरी. फोनवर बोलता तसं."

कॅमेऱ्यामागून हा हुकूम आला तेव्हा मेट्रनबाई केस सारखे करून, ओठ मिटून, खांदे ताठ करून उभ्या होत्या. फोटो म्हटल्यावर शहाणी माणसं तोंड मिटतात. ही बाई ते उघडायला लावत होती. पण कॅमेऱ्यामागे बोर्डबाई होती, आणि बोर्डबाईशी वाकडं घेऊन त्या रुग्णालयात आजवर कोणाचं भलं झालं नव्हतं. मेट्रनबाईंनी घसा खाकरला आणि "चार नंबरला चादरी अजून का नाही पोचल्या?" अशी तोफ डागली. तोफेच्या ऐन आवाजात बटण दाबलं गेलं. फोटोत मेट्रनबाई जांभई देणाऱ्या मांजरीसारख्या आल्या. बोर्डबाई मात्र खूश झाली. म्हणाली, "आता कशा ओळखू आलात."

बोर्डबाई म्हणजे रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर बसणारी बाई. जिन्याखालच्या बिनखिडकीच्या खोलीत तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. दिवा लागला की बटण दाबायचं, ऐकायचं, जोडून द्यायचं. कोणत्या डॉक्टरांचा आवाज जेवणानंतर जड होतो, औषधांच्या खिडकीवरचा गोड बोलणारा कोणाशी कडू बोलतो, सगळं तिला पाठ. तिच्या खात्यात आवाज झाडून सारे जमा होते. चेहरे तेवढे बाकी. बोर्ड सोडून उठायचं नाही हा नियम, आणि नियम मोडणारी ती नव्हती.

मग वरून कागद आला. महिनाअखेरीस बोर्ड बंद, नवी यंत्रणा आपोआप फोन जोडणार, बोर्डबाईंनी नोंदणीच्या खिडकीवर बसावं. तिने कागद वाचला, घडी घातली, आणि त्याच आठवड्यात जाऊन कॅमेरा घेतला.

नवऱ्याने कपाळाला हात लावला. हातात फोन आहे, त्यातही फोटो निघतात, हे लोढणं गळ्यात कशाला, असं त्याचं म्हणणं. त्यावर ती म्हणाली, "फोन हातात आला की मी ऐकायलाच लागते हो. बघायला वेगळं हत्यार पाहिजे."

दुकानदाराने 'नवशिक्यांसाठी हाच बरा' म्हणून सगळ्यात साधा डीएसएलआर तिच्यापुढे ठेवला होता. तो तिने घेतला, पण 'नवशिक्यांसाठी' हा शब्द दुकानातच सोडून आली. कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक चकती होती. तिच्यावर हिरवी खूण. तिथे चकती आणली की कॅमेरा सगळं आपोआप करतो. ती खूण पाहून बोर्डबाईचं पित्त खवळलं. आपोआपवाल्यांनी बोर्ड नेला तेवढा पुरे झाला. तिने चकती हिरव्यापासून जास्तीत जास्त लांब फिरवली आणि सगळं स्वतःच्या हाताने करायचं ठरवलं. परिणामी पहिल्या आठवड्यातले फोटो एकतर डांबरासारखे काळे, नाहीतर चुन्यासारखे पांढरे. एक्स-रे काढणारा टेक्निशियन तिच्या शेजारच्या खोलीत बसे आणि तिला ताई म्हणे. पडद्यावरच्या अंधारात पांढुरके दात तेवढे चमकताना पाहून त्याने विचारलं, "ताई, हा तुमचा फोटो की माझ्या खात्यातला?"

तोच मग तिचा गुरू झाला. प्रकाश कमी-जास्त कसा करायचा हे त्याने शिकवलं, आणि ती भराभर शिकली. एक गोष्ट मात्र तिने त्याचीही ऐकली नाही. लोकांना बोलतं ठेवून फोटो काढू नका, तोंडं वेडीवाकडी येतात, असं तो सांगून दमला. ती म्हणे, मिटल्या तोंडाचा माणूस मला अनोळखी वाटतो. झालं. जेवणाच्या सुट्टीत ती गळ्यात कॅमेरा अडकवून निघे. नोंदणीचा कारकून तेवढ्यापुरता बोर्डावर बसे. स्वयंपाकघर झालं, धुलाई झाली, रक्तपेढी झाली. जिथे तिथे "बोला", आणि आ वासलेला एकेक माणूस कॅमेऱ्यात जमा.

राहिला बॉयलर.

बॉयलरवाले दादा रोज सकाळी फोन करायचे. "वाफ सोडली, बाई." एवढंच. मग ती धुलाईला, स्वयंपाकघराला, हत्यारं उकळणाऱ्या खोलीला कळवायची. पण त्याआधी मिनिटभर ती दादांशी बोलायची. त्या वेळी दुसरा दिवा लागत नसे, आणि दादा ऐकून घेणारे होते. थंडी पडली, नवरा घोरतो, मुलगी नापास झाली, मुलगी पास झाली. आई गेली त्यानंतरच्या सकाळी ती कामावर आली होती. घरी कोणाला न सांगितलेलं तिने त्या फोनवर सांगितलं, की शेवटच्या रात्री आई हाक मारत होती आणि मी थकून झोपले होते. पलीकडून थोड्या वेळाने आवाज आला होता, "बरं." रोजच्यासारखाच. पण त्या एका "बरं"वर तिने पुढची वर्षं काढली. कोणीतरी ऐकलं होतं आणि बरं म्हटलं होतं.

आता बॉयलरही मोडीत निघत होता. त्या शुक्रवारी तो शेवटचा पेटायचा, दुपारी विझायचा, आणि दादा घरी जायचे. बाकीचे फोटो बिघडले तर परत काढता आले असते. हा एकच असा होता, की आज नाही तर कधीच नाही.

एक्स-रेवाल्याने सकाळीच बजावलं, तिथे अंधार असतो, कॅमेरा हातात धरू नका, कशावर तरी ठेवा. शिवाय बटण दाबतानाही तो हलतो, म्हणून मी इथे एक... एवढ्यात बोर्डावर दिवा लागला. "कळलं, कळलं," म्हणत ती फोनकडे वळली. साऱ्या रुग्णालयाचं ऐकणाऱ्या बाईने एवढं एक वाक्य ऐकलं नाही. त्याने कॅमेऱ्यात काहीतरी दाबलं आणि निघून गेला.

दुपारी ती बॉयलरच्या खोलीच्या दारात उभी राहिली तेव्हा आग विझली होती. तापलेलं लोखंड निवताना मधूनच कटकन वाजत होतं, बाकी सामसूम. एक म्हातारा पाठमोरा बसून वाफेचा दाब दाखवणारा काचेचा काटा फडक्याने पुसत होता. उद्या जे भंगारात जाणार ते आज पुसत होता.

"दादा," ती म्हणाली.

तो पुसतच राहिला. तिने पुन्हा हाक मारली, मग मोठ्याने मारली. मेट्रनबाईंना लाजवेल अशी मारली. शेवटी तिची सावली काट्यावर पडली तेव्हा म्हातारा वळला.

"कोण पाहिजे?"

तोच आवाज. तिने हसून सांगितलं, मी बोर्डवरची. त्याने कानाकडे बोट केलं आणि मान हलवली. त्याला वाटलं, भंगाराची नोंद करायला कोणीतरी आलंय. तिने मग मूठ कानाशी धरली, दुसऱ्या हाताने हवेतलं बटण दाबलं. म्हाताऱ्याच्या हातातलं फडकं थांबलं.

"बाई?"

तिने मान हलवली. मग खुणेनेच विचारलं, कानाचं हे कधीपासून?

"लई वर्षं झाली," तो म्हणाला. "भट्टीने खाल्ले. सांगितलं असतं तर इथून उचललं असतं मला. काटा डोळ्यांनी बघायचा असतो, त्याला कान कशाला?"

ती भिंतीवरच्या काळ्या फोनकडे पाहत राहिली. वर्षानुवर्षांची ठेव काढायला गेलेल्या माणसाला पेढीच्या जागी मोकळं मैदान दिसावं, तसा तिचा चेहरा झाला. थंडी, मुलगी, आई. सगळं कुठे गेलं?

म्हाताऱ्याने तो चेहरा पाहिला. काटा वाचणाराच तो. उठून त्याने फोन काढला आणि रिसीव्हर कानाला नाही, कानामागच्या हाडाला दाबून दाखवला.

"इथं धरायचो. तुम्ही बोलायला लागलात की घूं घूं व्हायची. बोलणं कळायचं नाही. पण बाई एवढं बोलतायत म्हणजे काहीतरी असणार. घूं घूं थांबली की बरं म्हणायचो. बरं म्हणायला काय जातं?" मग म्हणाला, "एक दिवस लई वेळ चाललं होतं. वाफ वाढत होती, तरी ठेवला नाही मी."

बोर्डबाईने नाक पुसलं, पदराला हात पुसले आणि कामाला लागली. दादांना काट्याशेजारी उभं केलं, कॅमेरा समोरच्या रिकाम्या पिंपावर ठेवला, प्रकाश जुळवला. सगळं हाताने, सगळं बरोबर. बोला म्हणायचीही गरज नव्हती, कारण दादा स्वतःशीच बॉयलरला काहीतरी समजावत होते. तिने बटण दाबलं.

पीक. पीक. पीक. पीक.

फोटो निघाला नाही. नुसता आवाज येत राहिला, एकसारखा, तुटक. दुसरी एखादी असती तर तिने कॅमेरा उलटासुलटा करून पाहिला असता, पुस्तिका काढली असती. बोर्डबाईला त्याची गरज वाटली नाही. हा आवाज तिने जन्मभर ऐकला होता. लाइन एंगेज. अशा वेळी आपण काय करतो? गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवत नाही, सांगतो. ती तडक पिंपाला वळसा घालून दादांजवळ गेली, त्यांच्या कानामागच्या हाडाशी तोंड नेलं आणि म्हणाली, "लाइन एंगेज आहे, दादा. थोडं थांबा."

दादांनी घूं घूं थांबू दिली. "बरं," म्हणाले.

ती आणखी काही बोलायला लागली, आणि मागे पिंपावर कॅमेरा वाजला.

संध्याकाळी तिने तो फोटो नवऱ्याला दाखवला. "ताई, तो मी लावलेला टायमर होता, दहा सेकंदांनी आपोआप फोटो काढणारा," म्हणत एक्स-रेवाला हसून हसून बेजार झाला होता, ते काही तिने सांगितलं नाही. नवऱ्याने चष्मा लावून छोट्या पडद्यात डोकं घातलं.

"अगं, हे गृहस्थ कोण? आणि तू कशी काय यात?"

"काढणाऱ्याने यायचं नाही असा नियम आहे का?"

"तोंड बघ तुझं, किती उघडं राहिलंय. दुसरा काढायचा होता."

"नको," ती म्हणाली. "हाच बरोबर आलाय."

तिने पडदा स्वतःकडे वळवला. सगळ्यांना बोलताना पाहून झालं होतं. स्वतः बोलताना कशी दिसते, हे ती पहिल्यांदाच पाहत होती. शेजारी दादांनी डोळे मिटले होते. त्यांचा हात कानामागे गेला होता, मूठ वळलेली, रिसीव्हर धरावा तशी, आणि तो त्यांनी अजून खाली ठेवलेला नव्हता.