मास्तरांचा बाक

समोरच्या शिंपीमास्तरांचा हात चांगला होता, फक्त जरा लांब होता. कापड दिलं की शर्ट वेळेवर मिळायचा आणि उरलेला तुकडा टेबलाखालच्या पत्र्याच्या पेटीत जायचा. पेटीत गेलेलं कापड गिऱ्हाइकाकडे परत आलेलं मी माझ्या बटणांच्या दुकानातून कधी पाहिलं नाही.

मग एका रविवारी मास्तर चर्चच्या प्रार्थनेत सगळ्यांसमोर उठले, चोरी कबूल केली, प्रभूकडे क्षमा मागून ढसाढसा रडले. माझ्या हिशेबी प्रकरण मिटलं. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी दुकानात एक बाक आणून टाकला. ज्याचं कापड, त्याने कापून होईपर्यंत समोर बसायचं. बायका भाजी निवडत बसत, पेन्शनर घोरत. कुणी पेंगलं की मास्तर त्याला हलवून जागं करत.

"क्षमा मिळाली ना तुम्हाला?" मी विचारलं.

"मला मिळाली हो. पण या हाताला कोण सांगणार?"

मग चर्चचे पाळक कोटाचं कापड घेऊन आले. मास्तरांनी बाक पुसला. पाळक काही बसेनात.

"साहेब, बसा. माझा भरवसा नाही."

"माहीत आहे. मागच्या कोटाचा तुकडा तुमच्या मुलीच्या अंगावर दर रविवारी बघतो. फ्रॉक मात्र झकास शिवलाय."

मास्तरांचा चेहरा उतरला. "आणि तरी कापड मलाच?"

"तुम्ही सुधारलात म्हणून प्रभूने माफ केलं का? आधी माफ केलं. पाप आता तुमचा मालक नाही, मास्तर. मग पहारा कसला बसवता?"

पाळक निघून गेले. मास्तर दारात आले. "बटणवाले, या ना, जरा बसा."

"मला नाही वेळ," मी म्हणालो, आणि बटणांच्या डब्यांआडून बघत राहिलो.

मास्तरांनी खडूने आखलं, पुसलं, घोटभर पाणी घेतलं, पुन्हा आखलं. शेवटी कात्री चालली. चांगला मोठा तुकडा उरला. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, रिकाम्या बाकाकडे पाहिलं, आणि तुकडा पेटीत टाकून झाकण लावलं.

संपलं, मी मनात म्हटलं. खातं जुनंच.

मास्तर मशीनवर बसले. दोरा तुटला. ओवला, पुन्हा तुटला. उठले, बसले, खुर्ची सरकवली. मास्तरांची बायको आतून म्हणाली, "मुंग्या चावतायत का?" मग मास्तर एकदम खाली वाकले, पेटी उघडली आणि तुकडा घेऊन तसेच गळ्यात टेप, पायात घरातल्या सपाता, पाळकांच्या घराकडे सुटले. अर्थात मीही मागून गेलो.

"पेटीत टाकला होता," मास्तर दारातच म्हणाले. "आत्ता. तुम्ही गेल्यावर."

"मग बाहेर कुणी काढला?"

मास्तर हातातल्या तुकड्याकडे बघत राहिले, जणू तो दुसऱ्याच कुणी आणून दिला होता.

"कुणी बसलं नव्हतं समोर," ते हळूच म्हणाले.

"बरं. राहू दे, कोपरं फाटली की ठिगळाला होईल. कोट कधी देता?"

दुसऱ्या दिवशी बाक माझ्या दुकानात आला. दुपारी एक बाई कापड घेऊन मास्तरांकडे गेल्या. "अहो, बसू कुठे?"

"घरी बसा," मास्तर म्हणाले. बाई गेल्या. मास्तरांनी एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि कात्री उचलली.