गिळलेल्या ओळी

मित्रांनो, मी एक जुने वाचनपीठ आहे. चर्चमध्ये पवित्र शास्त्र ज्याच्यावर ठेवून मोठ्याने वाचतात, ते मी. लोकांना वाचणाऱ्याचा आवाज ऐकू येतो. मला मात्र त्याचे हात कळतात. माझ्या दोन्ही कडांचे रोगण कधीच निघून गेले आहे आणि डाव्या कडेला नखांचे ओरखडे आहेत. ते कोणी मुद्दाम काढलेले नाहीत. घाबरलेल्या माणसाला काहीतरी घट्ट धरावे लागते, आणि तिथे उभे राहिल्यावर धरण्यासारखे माझ्याशिवाय दुसरे काही नसते.

कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाच्या दक्षिण टोकाला आमचे हॉक्स कोव्ह गाव आहे. इथल्या एका बोटी बांधणाऱ्या सुताराने मला घडवले. एका बोटीला लावून उरलेल्या ओकच्या फळ्या त्याने वापरल्या. त्याच झाडाच्या बाकीच्या फळ्या पाण्यात गेल्या आणि मी कोरड्यात राहिले. त्या बोटीचे पुढे काय झाले हे मला कोणी सांगितले नाही, आणि मला विचारता येत नाही. माझ्या समोरच्या खिडकीतून धक्का दिसतो आणि धक्क्यापलीकडे समुद्र. मला त्याची भीती वाटते. इथे सगळ्यांनाच वाटते, फक्त ती बोलून दाखवायची पद्धत नाही.

आमच्याकडे शेवंडांचा, म्हणजे लॉब्स्टरचा, हंगाम नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारी सुरू होतो. त्या पहाटे सगळ्या बोटी एकदम निघतात, आणि प्रत्येक बोटीवर शेवंडे पकडायच्या पिंजऱ्यांचे थर इतके उंच रचलेले असतात की आतली माणसे दिसत नाहीत. आदल्या रविवारी चर्चमध्ये बोटींसाठी प्रार्थना होते आणि वादळात सापडलेल्या खलाशांचा उतारा वाचला जातो. उताऱ्यात आधी वादळ आहे, मग देवाला मारलेली हाक, मग शांत समुद्र. पण हॉक्स कोव्हमध्ये तो तसा कधी वाचलाच गेला नाही. बोटी सुखरूप परत येईपर्यंत बुडण्याचे नाव काढायचे नाही, असा इथला दंडक. त्यामुळे वाचणारा वादळापाशी आला की मान खाली घालून पुटपुटायचा, त्या ओळी गिळून टाकायचा, आणि हाकेपाशी पोचला की पुन्हा आवाज चढवायचा. लोक सुटकेचा श्वास टाकून ‘आमेन’ म्हणायचे.

युनिस क्रोवेल ही गावातली सर्वांत चांगली वाचक होती. तिने वाचायला सुरुवात केली की पोरे चुळबुळ थांबवायची आणि माझेही फार कौतुक व्हायचे. मग एका वर्षी तिने त्या रविवारी वाचले आणि सोमवारी तिच्या नवऱ्याची, एव्हरेटची, बोट परत आलीच नाही. आठवड्याभरात गाव बोलायला लागले. युनिसने वादळ मोठ्याने वाचले, मी स्वतः ऐकले, असे पुढच्या बाकावरच्या कोणीतरी सांगितले. मागच्या बाकावरच्यांनी माना डोलावल्या. युनिस गप्प राहिली आणि पुन्हा कधी माझ्यापाशी आली नाही. मीही अपशकुनी ठरले. मला दारामागच्या कोपऱ्यात ढकलले गेले आणि लोक माझ्यावर ओले कोट टाकू लागले. कित्येक वर्षे मी ती ओल सोसली. खरे काय झाले ते मला माहीत होते, पण लाकडाला तोंड नसते.

गेल्या शरद ऋतूत नव्या पाळकबाई आल्या. बाहेरच्या असल्यामुळे त्यांना यातले काही ठाऊक नव्हते. त्यांनी माझ्यावरचे कोट उचलले, मला पुसले आणि पुन्हा खिडकीसमोर उभे केले. आणि हंगामाआधीच्या रविवारचे वाचन त्यांनी नेमके मार्लाला दिले. मार्ला म्हणजे युनिसची मुलगी. तिचा नवरा डेल त्या वर्षी पहिल्यांदाच स्वतःच्या बोटीचा कप्तान म्हणून निघणार होता. मी हादरून गेले.

शनिवारी दुपारी मायलेकी सरावाला आल्या. चर्चमध्ये दुसरे कोणी नव्हते. युनिस थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसली. मार्लाने माझ्या कडा धरल्या तेव्हा तिचे हात बर्फासारखे गार होते. तिने वाचले, आणि वादळ आले तशी ती पुटपुटली.

"काय वाचलंस?" मागून युनिस ओरडली.

"तेच, आई. सगळे वाचतात तसं."

"मला काही ऐकू आलं नाही. मागच्या बाकावर बसणाऱ्या ओबेद काकाला तर मुळीच येणार नाही. त्याचा एक कान गेलाय आणि दुसरा नावालाच आहे. त्याच्यासाठी वाच."

"आई, उद्या डेल समोर बसणार आहे! परवा तो जाणार आहे. आणि तू... तूच मला वाचायला सांगतेस?"

युनिस उठून पुढे आली. पहिल्या बाकाला धरून उभी राहिली, माझ्यापाशी मात्र आली नाही.

"गाव म्हणतं मी वाचलं म्हणून तुझा बाप गेला. मी वाचलंच नव्हतं गं. गिळलं होतं मी, इतरांसारखंच. त्यानं बोटीवर पिंजऱ्यांचा आणखी एक थर चढवला होता, बोट वरून जड झाली होती, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. ठरवून आले होते की आज पूर्ण वाचायचं, त्याच्याकडे बघून वाचायचं. इथे उभी राहिले आणि माझीच पाचावर धारण बसली. तो शांत समुद्र तेवढा ऐकून हसत हसत घरी गेला."

मित्रांनो, हेच मी इतकी वर्षे मनात धरून होते. माझ्या डाव्या कडेचे ओरखडे युनिसच्या नखांचे आहेत.

मार्ला रडायला लागली. युनिसने तिला रडू दिले, मग म्हणाली, "झालं? आता नाक पूस. ओळीच्या शेवटी आवाज टाकू नकोस. आधी श्वास घे, मग वाच; धापा टाकत वाचलं की लोकांना तुझीच काळजी वाटायला लागते, शब्दांकडे लक्ष जात नाही. आणि नाटक करू नकोस. वादळाला तुझ्या नाटकाची गरज नाही. वादळ संपलं की थांब. लगेच शांत समुद्राकडे पळू नकोस. लोकांना थोडा वेळ त्या पाण्यात राहू दे."

रविवारी चर्च गच्च भरले होते. मार्लाने माझ्यावर हात ठेवले आणि तिचा घाम माझ्या लाकडात उतरला. तिने वाचायला सुरुवात केली. वादळ जवळ आले तसे सगळ्यांनी सवयीने माना खाली घातल्या. ती थांबली. तिने श्वास घेतला, मान वर केली आणि एकेक शब्द शेवटच्या बाकापर्यंत पोचवला. तिचा आवाज सरळ गेला. एका बाईने तोंडावर हात ठेवला. कोणीतरी "देवा" म्हणाले. वादळ संपले आणि मार्ला थांबली. ती शांतता मला सहन होत नव्हती. मला वाटले, आता कोणीतरी उठून मला पुन्हा कोपऱ्यात फेकणार. मग तिने हाक वाचली, आणि मग शांत समुद्र. ‘आमेन’ म्हणायला लोकांना वेळ लागला.

नंतर शेजारच्या खोलीत हॅडॉक माशाचे दाट सूप वाढले गेले. दार उघडेच होते. कोणी मार्लाशी बोलत नव्हते. तेवढ्यात डेलने वाटी खाली ठेवली आणि टोपी घेतली.

"कुठे निघालास? सूप गार होतंय," त्याचा चुलतभाऊ व्हर्नन म्हणाला.

"धक्क्यावर. वरचा थर उतरवतो."

"बायकोनं चार ओळी वाचल्या आणि कप्तानाची विजार ओली!"

काही जण हसले. डेलही हसला. "ओली झालीय खरी. पण कोरड्यात झाली ते बरं."

म्हातारा ओबेद काठी टेकत उठला. "थांब, दोरी धरायला मी येतो. इतकी वर्षं मागच्या बाकावर बसून मी नुसती हाक आणि शांत समुद्र ऐकला. शांतच होता तर देवाला हाका कशाला मारत होते, ते मला आज कळलं."

अंधार पडायच्या आत धक्क्यावर उतरवलेल्या पिंजऱ्यांचा ढीग वाढत गेलेला मी खिडकीतून पाहिला. त्यात व्हर्ननचेही होते.

सोमवारी पहाटे बोटी गेल्या. गावातल्या बायका रिवाजाप्रमाणे चर्चमध्ये जमल्या आणि बोटींशी बोलायचा रेडिओ त्यांनी माझ्यावर ठेवला, कारण तिथून आवाज स्पष्ट येतो. दुपारी वारा अचानक फिरला. खिडकीच्या काचा वाजू लागल्या. रेडिओवर एकेक बोट आपले नाव सांगत होती; डेलची बोट सांगत नव्हती. मार्लाने हाक मारली. उत्तर आले नाही. तिने पुन्हा मारली. तिच्या शेजारी बसलेली बाई हळूच उठून दुसऱ्या बाकावर गेली. ते सगळ्यांनी पाहिले. युनिसनेही पाहिले. ती लेकीला खेटून बसली आणि तिने तिचा हात धरून ठेवला. नुसती खरखर ऐकू येत होती आणि ती माझ्या लाकडातून खालपर्यंत उतरत होती. मित्रांनो, मी त्या दिवसाइतके कधीच घाबरले नव्हते.

मग डेलचा आवाज आला. तो धापा टाकत होता.

"लाट आडवी आली. खिडकी गेली, रेडिओ भिजला. बोट कलली, मार्ला. पार कलली. आणि परत उभी राहिली. ऐकतेस का? परत उभी राहिली."

ती उठून गेलेली बाई परत आली आणि मार्लाजवळ बसली.

शेवटची बोट धक्क्याला लागल्यावर सगळ्या बायका खाली पळाल्या. युनिस मागे राहिली. तिने माझ्यावरचा रेडिओ उचलून बाकावर ठेवला आणि शास्त्र उघडले. इतक्या वर्षांनी ती माझ्यापाशी उभी होती. समोरचे बाक रिकामे होते. एव्हरेट जिथे बसायचा त्या जागेकडे बघत तिने ते वादळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचले. ओळीच्या शेवटी तिचा आवाज कुठेच पडला नाही.

मित्रांनो, एक विनंती आहे. माझ्यासारखे एखादे वाचनपीठ तुमच्याकडे असेल तर त्यावर ओले कोट टाकू नका. आणि कधी वाचायची वेळ आली, तर ज्या ओळीची भीती वाटते ती गिळू नका. खुशाल मला घट्ट धरा, नखे रुतली तरी चालतील. मागच्या बाकावर कोणीतरी बसलेले असते, आणि त्याला उद्या पहाटे निघायचे असते.