गुरुवारचं ऊन पश्चिमेला

देवाने ऊन आणि पाऊस निर्माण केला तेव्हा तळ्याचा पूर्व किनारा कुठला आणि पश्चिम किनारा कुठला, याची त्याने चौकशी केली नव्हती. त्याची ही चूक पर्यटन समितीने दुरुस्त केली.

झालं असं, की उन्हाळ्याच्या तोंडावर एका आठवड्यात पूर्व किनाऱ्याला ओळीने पाऊस सांगितला गेला. पाहुण्यांनी बॅगा उचलल्या आणि पश्चिमेची हॉटेलं गाठली. पूर्वेचे हॉटेलवाले खवळले. पुढच्या आठवड्यात उलटं झालं, तेव्हा पश्चिमेचे खवळले. मग बैठक बसली, चहा झाला, टेबलं आपटून झाली, आणि शेवटी सर्वांच्या पचनी पडेल असा न्याय निघाला: पाऊस वाटून घ्यायचा. सोमवारी पूर्वेला ऊन, पश्चिमेला ढग. मंगळवारी उलट. असं आळीपाळीने. रविवारी दोन्हीकडे ऊन, कारण रविवारी गिऱ्हाईक असतं. प्रत्यक्षात काय पडेल तो वरच्याचा प्रश्न. समिती त्याच्या कारभारात ढवळाढवळ करत नसे.

हा अंदाज लिहून रोज सकाळी रेडिओवर वाचायचं काम हवामानवाल्याचं. माणूस शिकलेला, कामात चोख. पण बाप, बायको आणि नोकरी या तिन्ही गोष्टी टिकवायच्या असल्याने त्याने जीभ आवरती ठेवली होती. स्टुडिओ म्हणजे समितीच्या अध्यक्षांनी पूर्व किनाऱ्यावरच्या आपल्या हॉटेलात फुकट दिलेली खोली, बरोबर धुलाईघराच्या डोक्यावर. खालून इस्त्रीची वाफ अशी वर येई, की भिंतीवरचं आर्द्रतेचं यंत्र बारा महिने मुसळधार पाऊस दाखवायचं. आवाज मात्र त्याचा गोड. त्याने "लख्ख ऊन" म्हटलं, की खिडकीबाहेर पागोळ्या गळत असतानाही ऐकणारा टोपी शोधू लागे.

त्या आवाजाचा सगळ्यात मोठा भक्त घरातच होता: त्याचे बाबा. आवाज आपल्या मुलाचा आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण पटत नव्हतं. मुलगा घरात किल्ल्या हरवायचा, चहा सांडायचा, प्रत्येक वाक्याला "बघू" म्हणायचा. रेडिओवरचा माणूस कसा ठाम बोलतो.

बुधवारी संध्याकाळी जेवताना बाबा म्हणाले, "उद्या ताईकडे निघतोय."

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, पश्चिम किनाऱ्यावर दिलेली. तिच्या वाढदिवसाला स्वतः होडी वल्हवत जायचं, हा त्यांचा तरुणपणापासूनचा नेम. पूर्वेहून पश्चिमेला बसही जाते, पण ती तळ्याला वळसा घालून. आणि वळसा घेणं बाबांच्या स्वभावात नव्हतं.

हवामानवाल्याचा घास हातातच राहिला. दिवसभर तो उपग्रहाची चित्रं पाहत होता. हवेचा दाब पायऱ्या उतरल्यासारखा उतरत होता.

"बाबा, उद्या नको. दुपारी तळ्यावर मोठं वादळ आहे."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो."

"रेडिओवाला तर म्हणाला, गुरुवारी पश्चिमेला लख्ख ऊन, पूर्वेला ढग. म्हणजे जसजसा वल्हवत जाईन, तसतसं ऊन वाढेल."

"अहो, तो रेडिओवाला मीच आहे."

"तू? दोरीवरचे कपडे भिजून चिंब होतात तरी तुला पत्ता नसतो."

"बाबा, खरं सांगतोय हा," बायको मध्ये पडली.

"सूनबाई, तू नवऱ्याची बाजू घेणारच. रेडिओवाल्याचं तसं नाही. तो ना पूर्वेचा, ना पश्चिमेचा. अगदी निःपक्षपाती माणूस."

या निःपक्षपातीपणाचा उगम कुठल्या बैठकीत झाला हे हवामानवाल्याला माहीत असल्याने त्याने पेलाभर पाणी एका दमात संपवलं.

भांडी आवरताना तो बायकोला म्हणाला, "वल्ही लपवू का?"

"मागे लपवली होतीस. बागेतली फावडी घेऊन गेले. तुझं ते ऐकणार नाहीत. त्या दुसऱ्याचं ऐकतात, तर त्याला बोलू दे."

गुरुवारी सकाळी तो स्टुडिओत पोचला तर अध्यक्ष सपाता घालून हजर. वादळाची कुणकुण त्यांना लागली होती.

"हे बघ, मी शास्त्राच्या विरुद्ध नाही," अध्यक्ष म्हणाले. "पण आज पश्चिमेची उन्हाची पाळी. तिकडे वादळ दिलंस तर ते माझ्या नावाने बोटं मोडतील. आणि पूर्वेला दिलंस, तर मी तुला खोली कशाला दिली?"

"वादळ तर येणारच आहे."

"येऊ दे की. मधोमध पाड. तळ्यात कुणाचं हॉटेल नाही."

"तळ्यात माझे बाबा असणार आहेत," हवामानवाला म्हणाला, आणि त्याने माईकचं बटण दाबलं.

त्याच गोड आवाजात त्याने सांगितलं, "आज दुपारी दोन्ही किनाऱ्यांवर आणि तळ्यावर जोराचं वादळ येईल. कुणीही होडी पाण्यात घालू नये. पश्चिमेला बहिणीकडे जाणाऱ्यांनी तर मुळीच घालू नये."

बटण बंद झाल्यावर अध्यक्षांनी शांतपणे खोलीची किल्ली मागितली.

तो घरी धावला तेव्हा आभाळ निळंशार होतं, तळं आरशासारखं. ओसरीवर बाबा ठेवणीतला शर्ट घालून, वल्ही मांडीवर आडवी घेऊन बसलेले. शेजारी बहिणीची भेटवस्तू, कागदात गुंडाळलेली.

"गेला नाहीत?"

"रेडिओवाला नको म्हणाला." बाबांनी आभाळाकडे पाहिलं, मग मुलाकडे. "पण आज त्याचं चुकलं, तर त्याचा आणि माझा संबंध संपला. पुढच्या खेपेला कुणाला विचारणार नाही."

दुपार सरकेना. हवामानवाला आयुष्यात पहिल्यांदा वादळ यावं म्हणून मनोमन हात जोडून बसला. नास्तिकालाही घाम फुटावा असं ऊन पडलं होतं. बाबांनी एकदा वल्हं उचललंही. तेवढ्यात पश्चिमेचा डोंगर काळवंडला, आणि पाठोपाठ वारा जो सुटला तो दोन्ही किनाऱ्यांची खुर्च्या-टेबलं घेऊनच. तळ्याच्या पाण्याला शिंगं फुटली. बांधलेली बाबांची होडी दोर तोडून उताणी झाली. घरात येऊन बाबा काचेतून तिच्याकडे बघत राहिले. मग वल्ही त्यांनी हळूच भिंतीला टेकवली.

संध्याकाळी कळलं, की पूर्वेच्या छत्र्या पश्चिमेच्या हिरवळीवर सापडल्या आणि पश्चिमेच्या गाद्या पूर्वेच्या झाडांवर. कुणाचीच तक्रार आली नाही. इतकी समसमान वाटणी समितीच्या इतिहासात झाली नव्हती. अध्यक्षांनी किल्ली परत पाठवली, आणि समितीच्या धोरणानुसारच वादळ दोन्हीकडे सोडण्यात आलं, असं सगळ्यांना सांगत सुटले.

हवामानवाला होडीतलं पाणी उपसत होता. ओसरीवर बाबा फोनवर बहिणीशी मोठ्याने बोलत होते.

"निघणारच होतो गं. रेडिओवाल्याने अडवलं म्हणून वाचलो. छे, आमचा नव्हे, आमच्याला काय कळतंय. तो रेडिओवरचा. भला माणूस आहे. माझा नमस्कार सांग त्याला, भेटला तर." मग फोनवर हात ठेवून त्यांनी मुलाला हाक मारली. "अरे, ताई मला विचारतेय, उद्या येतोस का. हवा कशी असेल?"

हवामानवाल्याने तोंड उघडलं.

"तू राहू दे," बाबा म्हणाले. "सकाळी रेडिओवर ऐकू."