उसन्या कौलांची जागा

पणज्याने माती तुडवली, आजाने भट्टी लावली आणि बापाने ती कौले साऱ्या वस्तीच्या छपरांवर चढवली. या तिघांमागून आला तो थोरला. बोटाच्या पेराने कौल वाजवून त्याचे उरलेले आयुष्य सांगण्याची त्याची खोड पाहून लोकांनी त्याला ‘टकटके मिस्त्री’ हे नाव बहाल केले. नीट भाजलेले कौल खणखणीत वाजते, तडा गेलेले भद्द बोलते. माणसांचेही तसेच असते, असे बाप म्हणत असे. मुलगा मात्र कौलांपुरतेच शिकला.

या घराण्याचा एक दंडक होता. उसने कौल कौलानेच फेडायचे, पैशाने नव्हे; आणि ते परत येईतो देणाऱ्याने ती जागा दुसऱ्या कौलाने भरायची नाही. भरली, तर त्याने आपल्या माणसावरची आशा सोडली असा त्याचा अर्थ.

बापामागे घराची वाटणी झाली. छपराच्या माथ्याचे आढे एक, मधली भिंत एक. डावी बाजू थोरल्याची, उजवी धाकट्याची. वाटणीच्याच वर्षी वादळात परसातले झाड उन्मळून थोरल्याच्या मागल्या उतरणीवर पडले. घरात त्याची बायको बाळंतीण. धाकट्याने एका शब्दाने न विचारता आपल्या मागल्या उतरणीची कौले उतरवून भावाच्या माथ्यावर घातली आणि स्वतः बायकोसह ताडपत्रीखाली पावसाळा काढला. पुढे ती कौले त्याने कधी मागितली नाहीत. मागितली असती, तर थोरल्याने चार शब्द सुनावून फेडली असती आणि मोकळा झाला असता. न मागण्याचा तो मोठेपणाच त्याला आयुष्यभर सलत राहिला.

त्यानंतर तो धाकट्याच्या ओट्यापलीकडे कधी गेला नाही. परसांच्या मधोमध त्याने डोक्याहून उंच भिंत घातली. पाऊस आला की पलीकडून पत्रा धडधडे. थोरला कूस बदलून म्हणे, “नवी खोली चढवलीय साहेबांनी. मुद्दाम ऐकवतोय मला!”

त्यातच धाकट्याने पुढली उतरण नवी केली. यंत्रावरची, तांबडीलाल, एकसारखी कौले. समोरचा शिंपी दुकानाच्या पायरीवरून ओरडला, “वा मिस्त्री! एकाच आढ्याखाली नवरी नि तिची आजेसासू!”

थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याची शेवाळलेली काळी कौले आजाच्या भट्टीची होती. नव्या कौलांची नातवंडेही त्यांनी पाहिली असती. हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? पण मत्सर माणसाला त्याचेच ज्ञान विसरायला लावतो.

“अहो, लोक धाकट्यांच्या दारापर्यंत मान वर करून चालतात,” बायकोने भर घातली. “आपल्या दाराशी आले की खाली घालतात.”

“चिखल बघून चालतात ते!”

“तर तर! चिखल काय आपल्याच दारात आहे?”

दुसऱ्या दिवशी तारेचा ब्रश आणि रंगाचे डबे आले. ज्या मिस्त्रीने उभा जन्म गिऱ्हाइकांना दटावले, की कौलाला श्वास लागतो, रंग फासायचा तर भिंतीला फासा, तोच मिस्त्री आपल्या छपरावर बसून शेवाळ खरवडू लागला. शेवाळाबरोबर भाजणीची कातडीही निघत होती. हाताला ते कळत होते. डोळे मात्र उजवीकडच्या तांबड्या उतरणीवर होते. रस्त्यावरून दिसेल तेवढेच त्याने रंगवले. मागली उतरण कधी गळली नव्हती, म्हणून आढे ओलांडून तो तिकडे फिरकलाही नाही.

“दादा, तुझं छप्पर माझ्याहून नवं दिसतंय की,” धाकटा हसून म्हणाला. कित्येक वर्षांनी थोरल्याला गाढ झोप लागली.

सुख एका हंगामाचे निघाले. रंगाखाली दबलेल्या ओलाव्याने पुढल्या थंडीत कौलांचे पापुद्रे सुटले. त्यानंतरच्या पावसात कौलांखालच्या लाकडी रिपा कुजल्या आणि बैठकीच्या खोलीत घमेली, पातेली, शेवटी न्हाणीतली बादलीसुद्धा मांडावी लागली. बायकोने फक्त बादली थोडी डावीकडे सरकवली, आणि ते बोलण्याहून झोंबले.

भिंत एकच असल्याने ठिबक पलीकडे ऐकू जात होती. पावसाने उघडीप देताच धाकटा शिडी घेऊन दारात उभा राहिला.

“दादा, वर येऊ का?”

“माझं छप्पर मला कळतं.”

“कळतं रे. पण कुजक्या रिपांवर एकट्याने चढू नये, हे बाबा दोघांनाही सांगून गेलेत.”

बापाचे नाव निघाल्यावर नाही म्हणवेना. दोघे चढले. थोरला एकेक कौल वाजवत गेला. भद्द. भद्द. आजाची कौले त्याच्याच हाताने मारली गेली होती. धाकट्याला तोंड दिसू नये म्हणून तो सरळ आढ्यापर्यंत चढला आणि पलीकडे वाकला.

त्याची मागली उतरण जशीच्या तशी होती. एक कौल वाजवले, खणखणीत. मग नजर उजवीकडे गेली. धाकट्याच्या बाजूला कसली नवी खोली नव्हती. मागल्या उतरणीवर गंजलेले पत्रे होते, वाऱ्याने उडू नयेत म्हणून दगड ठेवलेले. त्यांच्याखाली धाकटीची, म्हणजे भावजयीची, चूल होती.

“हे काय?” थोरल्याचा आवाज चिरकला. “पुढे नवी कौलं घालायला ऐपत होती, मागे काय झालं?”

“ती जागा भरलेली नाही, दादा,” धाकटा म्हणाला. “ती कौलं तुझ्याकडे आहेत ना.”

“इतकी वर्षं? मागायला जिभेला काय झालं होतं?”

“तू देशील म्हणून थांबलो. मी मागितली असती, तर तू दिली असतीस. पण बोलणं टाकलं असतंस.”

थोरला आढ्यावरच टेकला. ज्या पत्र्याच्या आवाजाने आपण जळत होतो, तो बडेजाव नव्हता. आपलीच वाट पाहणे होते. आणि त्या क्षणीही, लाज वाटावी असे, त्याच्या मनात आले ते हेच: थांबण्यातही हा माझ्या पुढे गेला!

ऊन पडताच त्याने मागली उतरण उतरवायला घेतली. प्रत्येक कौल वाजवून खाली दिले. एक घाईत हातून निसटून फुटले, तेव्हा मोरीवरच्या आडोशाचे काढून त्याची भरती केली.

“राहू दे रे दादा. या वयात कशाला?”

“उतरणीवर उभं राहून वयाच्या गोष्टी करू नकोस, पाय घसरेल. कौल दे.”

धाकटीच्या चुलीवरचे शेवटचे कौल त्याने स्वतः बसवले. ती खालून म्हणाली, “दादा, आता पावसातही आधण उकळलेलं ऐकू येईल हो मला.”

आपल्या मागल्या उतरणीवर थोरल्याने पत्रे घातले, तेही विकत आणून. धाकटा आपले देत होता. पण एक उसने फिटता फिटता दुसरे कशाला? पुढल्या बाजूला जुनी कौले मिळतील तशी घालायची ठरली.

पाऊस पुन्हा आला. माथ्यावर नगारा वाजू लागला, तशी बायको कानांवर हात ठेवून म्हणाली, “अहो, हे कसं सोसायचं?”

“धाकटीला विचार,” तो म्हणाला आणि भिंतीला कान लावला. पलीकडे शांत होते. त्या शांततेचा त्याला मनापासून हेवा वाटला. त्याने तो वाटू दिला. कौलांचे उसने कौलांनी फिटले होते, आणि त्याच्या माथ्यावर आता कोणाचेही एक खापर उरले नव्हते.