मुंग्यांनी न नेलेले तांदूळ

मित्रांनो, मी माळशेज घाटाजवळच्या मढ गावात एका बांधावर वाढलेली जुनी निरगुडी आहे. माझ्या एका देठावर तीन किंवा पाच पानं येतात, वरून हिरवी, खालून पांढुरकी. शेळ्या मला तोंड लावत नाहीत, म्हणून कुणीतरी मला कुंपणाला लावलं. पुढे गुडघे धरलेली माणसं येऊ लागली. पानं तव्यावर गरम करून बांधली की सूज ओसरते, म्हणत. दुखणं मुळासकट जातं असं मी म्हणणार नाही. पण त्या उबेत झोप लागते, एवढं माझ्या कानावर आहे.

त्या शेताची मालकीण साळुबाई मला न सांगता कधी तोडत नसे. आदल्या संध्याकाळी लंगडत येई, बुंध्याशी हळद लावलेले तांदूळ ठेवी आणि म्हणे, "उद्या न्यायला येते गं बाई." रात्रीतून मुंग्या ते तांदूळ नेत. सकाळी जागा मोकळी दिसली की तो माझा होकार.

मागच्या हिवाळ्यात तिचे गुडघे फार सुजले. ती तांदूळ ठेवून गेली आणि मागोमाग तिचा मुलगा ज्ञानेश्वर पाठीवर पंप घेऊन आला. बांधावरच्या गवतावर त्यानं तणनाशक मारलं. वाऱ्यानं ते माझ्यावरही आलं. मुंग्या बुंध्यापर्यंत येऊन परत फिरल्या. पानं मात्र हिरवीगार दिसत राहिली. हीच पानं सकाळी तिच्या सुजल्या कातडीवर बांधली जाणार होती, आणि सांगायला मला तोंड नव्हतं.

पहाटे माळशेजकडून धुकं उतरलं. त्यातून साळुबाई आली, वाकली आणि थबकली. तांदूळ जसेच्या तसे.

"रुसली व्हय?" म्हणत ती रिकामी पाटी घेऊन उठली.

पाठोपाठ आलेला ज्ञानेश्वर हसला. "आये, झाड काय पावणं हाय रुसायला? बाजूला सर, मी तोडतो." त्यानं फांदी ओढली आणि त्याचा हात तिथंच थांबला. पानांना कालच्या फवाऱ्याचा वास होता.

"नको न्हेऊ. काल मीच फवारलंय हितं."

"मला सांगायचं तरी."

"तू तरी कुठं सांगितलं, आज पाला न्ह्यायचाय म्हणून?"

"ह्या निरगुडीला सांगितलं व्हतं की."

मग ज्ञानेश्वरनं वाऱ्याच्या आडोशाची फवारा न लागलेली एक फांदी छाटून विहिरीजवळ रोवली. बांधावरचं जुनं झाड वाळून गेलं, फांदी मात्र रुजली. मी आता त्या फांदीतून बोलते आहे.

परवा संध्याकाळी ज्ञानेश्वर एकटाच आला. कुणी बघत नाही ना, हे पाहून त्यानं तांदूळ ठेवले. "उद्या येतो," तो पुटपुटला, "आयेसाठी."

मित्रांनो, आम्हाला नाही म्हणता येत नाही. म्हणून पानं तोडण्याआधी आणि फवारण्याआधीही क्षणभर वाकून बघत जा. ज्ञानेश्वर परवा तसा वाकूनच बसला होता, पहिली मुंगी येईपर्यंत.